टिंबापुढे काय लिहायचं?

माझ्या लॅबमधल्या एका जुन्या लॅपटॉपवर टॉप्स-१० नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते. तिचा जन्म १९६०च्या दशकातला, अमेरिकेतला. ज्या यंत्रासाठी ती लिहिली गेली ते अख्खी खोली व्यापायचं. आता त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा 'सिमएच' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि तो साध्या लॅपटॉपवर मजेत चालतो. लॅबमधली बाकीची यंत्रं नेटवर्कने या एका लॅपटॉपला जोडली, की देवळी, सेलू, पुलगाव, समुद्रपूरहून एसटीने येणारी माझी पोरंपोरी एकाच वेळी त्यात शिरतात. समोर काळा पडदा आणि त्यावर एक टिंब. चित्रं नाहीत, मेनू नाही, माऊसचा उपयोग नाही. टिंबाचा अर्थ एवढाच, की मी ऐकतेय, बोला.

पहिल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढं जुनं आपल्याले कायले पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. वर्ध्याच्या पोराला नोकरी करायची असते पुण्यात किंवा हैदराबादला, आणि तिथे मुलाखतीत टॉप्स-१०बद्दल कोणी विचारत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं काय काम करते हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. अच्युत गोडबोले यांच्या जाडजूड पुस्तकातून आमची पोरं हा विषय वाचतात, उत्तरं पाठ करतात, गुणही मिळवतात. मोबाइलमध्ये मात्र ते सगळं काम इतक्या थरांखाली गेलेलं असतं, की पुस्तकातलं काही हाताला लागत नाही. इथे ते टिंबाच्या पलीकडेच बसलेलं असतं, आणि विचारलं की उत्तर देतं.

हे टिंब येण्याआधी संगणक कसा वापरत होते ते सांगायला हवं, नाहीतर टिंबाचं मोल कळत नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये सुरू झाला. ४० बिटांचे २,०४८ शब्द, एवढीच त्याची स्मृती. १९६४मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकी यंत्र आलं आणि देशातल्या अनेक संस्थांची कामं त्यावर होऊ लागली. रीत अशी होती, की प्रोग्रॅम ८० रकान्यांच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि वाट बघायची. यंत्र एकामागून एक गठ्ठे घेत जाई. एखादा स्वल्पविराम राहिला असेल तर छापील कागदावर तेवढीच चूक दाखवून गठ्ठा परत. मग नवं कार्ड, पुन्हा रांग. यंत्र फार महाग होतं, त्याचा क्षणही रिकामा जाऊ नये यासाठी माणसांचे तास आणि दिवस खर्ची पडत.

याला पहिला मोठा छेद गेला तो अमेरिकेतल्या एमआयटीत. १९५९च्या जानेवारीत जॉन मॅकार्थी यांनी एक टिपण लिहून सुचवलं, की एकाच यंत्रासमोर अनेकांना एकाच वेळी बसवता येईल. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी हे टाइम-शेअरिंग चालवून दाखवलं. पुढे १९९०चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. आपण रोज जो पासवर्ड टाकतो, तोही कोर्बातो यांच्याच यंत्रणेतून रूढ झाला, कारण एका यंत्रात अनेकांच्या फायली राहायला आल्या, तशी प्रत्येकाच्या दाराला कडी लागणारच.

हे मुलांना समजावताना मी माझी शाळा सांगते. देवळी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, एकच खोली, चार वर्ग आणि एकच गुरुजी. पहिलीला अंक गिरवायला देऊन ते चौथीकडे वळत, चौथीला भागाकार घालून तिसरीचं वाचन ऐकत, तेवढ्यात दुसरीच्या पाट्या तपासून होत. पाटीवरून मान वर करावी तर गुरुजी समोर. टाइम-शेअरिंग म्हणजे हेच. माणूस विचार करायला आणि बोटं चालवायला जो वेळ घेतो तो यंत्राच्या लेखी प्रचंड असतो. तेवढ्यात ते दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, तिसाव्याचं थोडं थोडं काम करून परत येतं. प्रत्येकाला वाटतं, यंत्र माझ्या एकट्याचं आहे.

त्यात न्यायही सांभाळावा लागतो. टॉप्स-१०मध्ये कामांच्या दोन मुख्य रांगा आहेत. ज्याचं काम चटकन आटोपतं तो पहिल्या रांगेत राहतो. दिलेला वेळ संपला तरी ज्याचं गणित चालूच आहे त्याला उचलून दुसऱ्या रांगेत टाकलं जातं. लांबलचक आकडेमोड करणाऱ्यापायी फक्त फायलींची यादी बघणाऱ्याचा खोळंबा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. लॅबमध्ये हे मुद्दाम घडवून बघता येतं. अर्ध्या वर्गाला मी न संपणारा प्रोग्रॅम चालवायला सांगते आणि उरलेल्यांना छोट्या आज्ञा द्यायला. छोट्यांना उत्तरं मिळत राहतात. पुस्तकातलं 'शेड्यूलिंग' हे प्रकरण त्या दिवशी पोरांच्या खऱ्या अर्थाने ध्यानात येतं.

ही सिस्टिम बनवणारी कंपनी म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, सगळे तिला 'डेक' म्हणत. १९५७मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी ती मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी सुरू केली, एका जुन्या लोकर गिरणीच्या इमारतीत जागा भाड्याने घेऊन. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापडगिरण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या जाड भिंती, उंच खिडक्या लगेच डोळ्यांसमोर येतील. मागे पडलेल्या गिरणीत नवा धंदा उभा राहू शकतो, ही गोष्ट मी हिंगणघाटच्या मुलांना आवर्जून सांगते.

डेकने १९६४मध्ये पीडीपी-६ काढला, त्यानंतर पीडीपी-१०, आणि त्याच घराण्याला पुढे डेकसिस्टम-१० म्हणू लागले. सुरुवातीला त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नुसतं 'मॉनिटर' म्हणत. १९७०मध्ये तिला टॉप्स-१० हे नाव मिळालं. हे यंत्र आपल्याकडेही आलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने टीआयएफआरमध्ये सॉफ्टवेअर विकासाचं एक राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली. टिफ्रॅकच्या उभारणीतही तेच अग्रभागी होते. या केंद्रात १९७०च्या दशकात डेकसिस्टम-१० बसवला गेला. त्या दशकाच्या अखेरीस आयआयटी कानपूरलाही त्याच घराण्यातला डेक-१०९० मिळाला. भारतातल्या संगणकाच्या इतिहासात टिफ्रॅकचं नाव घेतलं जातं, पुढच्या 'परम' महासंगणकाचं तर मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. मधल्या या डेकचं नाव सहसा कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. गठ्ठा देऊन वाट बघणाऱ्या माणसाला थेट यंत्रापुढे आणून बसवण्याचं काम या पिढीने केलं.

आता प्रत्यक्ष आत शिरू. टिंबापुढे 'लॉगिन' लिहायचं आणि आपला क्रमांक द्यायचा. क्रमांक दोन तुकड्यांचा असतो, मध्ये स्वल्पविराम. पहिला आकडा प्रकल्पाचा, दुसरा माणसाचा. माझ्या वर्गात पहिला आकडा तुकडीचा ठेवलाय. मग पासवर्ड. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि इथे मी सगळ्यांना थांबवते. आपण कळ दाबली की अक्षर आपोआप पडद्यावर येतं असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. कळ दाबली की अक्षर आधी दूरच्या यंत्राकडे जातं, यंत्र ते परत पाठवतं, तेव्हा ते आपल्याला दिसतं. पासवर्डच्या वेळी यंत्र फक्त ते परत पाठवणं बंद करतं. एवढी साधी युक्ती, पण बीसीएच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोरांना कोणी सांगितलेली नसते.

आत गेलं की 'सिस्टॅट'. या एका आज्ञेवर माझा फार जीव आहे. ती दिली की यंत्रावर आत्ता कोण कोण आहे याची यादी येते. कामाचा क्रमांक, माणसाचा क्रमांक, तो कुठल्या टर्मिनलवर आहे, कुठला प्रोग्रॅम चालवतोय, त्याने किती स्मृती घेतलीय, तो कुठल्या अवस्थेत आहे आणि आतापर्यंत त्याने यंत्राचा किती वेळ वापरला. अवस्थेसाठी दोन अक्षरांच्या खुणा आहेत. 'आरएन' म्हणजे पळतंय, 'टीआय' म्हणजे माणसाच्या टंकण्याची वाट बघतंय. 'एसडब्ल्यू' दिसलं तर समजायचं, की मुख्य स्मृतीत जागा पुरेना म्हणून त्याचं काम सध्या डिस्कवर नेऊन ठेवलंय. यंत्राची देखभाल करणाऱ्या ऑपरेटरचं काम 'ओपीआर' अशा खुणेने कळतं, आणि आपल्या स्वतःच्या ओळीवर 'सेल्फ' असं लिहिलेलं येतं. पोरं ती यादी बघतात, मग मान वळवून लॅबमध्ये एकमेकांकडे बघतात. "अरे, तूच तं एवढी मेमरी खाऊन राहिला!"

आज आपण महावितरणचं बिल भरतो, बारावीचा निकाल बघतो, रेल्वेचं तिकीट काढतो, तेव्हाही आपण कुठल्यातरी वाटून घेतलेल्या यंत्रावरच असतो. पण सोबत कोण आहे, कोणामुळे थांबावं लागतंय, आपण स्वतः किती वापरलं, यातलं काही आपल्याला दिसत नाही. 'प्रतीक्षा करा' एवढंच दिसतं. टॉप्स-१० वापरणाऱ्याला समजदार माणूस मानून चालते. कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबल्या की चालू प्रोग्रॅम न थांबवता तो किती वेळ पळाला, कशासाठी खोळंबलाय, हे ती एका ओळीत सांगते. ॲपलच्या संगणकावर टर्मिनलच्या खिडकीत ही जोडी अजून चालते.

बाकीच्या आज्ञा नुसत्या वाचल्या तरी कळतात. 'डिरेक्टरी' म्हणजे फायलींची यादी, 'टाइप' म्हणजे फाइल दाखव. पूर्ण शब्द लिहायची सक्ती नाही, नेमकं कळेल इतकी अक्षरं पुरतात, म्हणून सगळे 'डीआयआर' लिहितात. 'एक्झिक्यूट' ही सगळ्यांत कामसू. तिच्यापुढे फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फाइलचं नाव दिलं, की ती आधी बघते, मूळ फाइल बदललीय का. बदलली असेल तरच नव्याने भाषांतर करते, मग तुकडे जोडते आणि प्रोग्रॅम चालवते. शेवटी यंत्राचा किती वेळ लागला आणि घड्याळाप्रमाणे किती वेळ गेला, हे दोन आकडे छापते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे मधल्या काळात यंत्र इतरांकडे गेलं होतं किंवा आपलं काम कशासाठी तरी थांबलं होतं तो वेळ.

फायलींच्या नावांची गंमत निराळी. नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, त्यापुढे टिंब आणि तीन अक्षरांचा प्रकार. इंग्रजी स्पेलिंगमध्ये वर्धा बरोबर सहा अक्षरांचं, त्यामुळे ते नीट बसतं. देवळी, आर्वी, सेलूला जागा उरते. सेवाग्रामची शेवटची दोन अक्षरं जातात, पुलगावचं एक जातं, आणि हिंगणघाट तर निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. सहाच का? कारण या यंत्राचा एक शब्द ३६ बिटांचा. एका अक्षराला सहा बिट दिले की सहा अक्षरं नेमकी एका शब्दात मावतात, आणि प्रकाराची तीन अक्षरं अर्ध्या शब्दात. सहा बिटांत ६४ चिन्हं होतात. त्यात इंग्रजीची मोठी लिपी, आकडे आणि काही खुणा येतात, छोट्या लिपीला जागाच नाही. म्हणून नावं सगळी मोठ्या अक्षरांत.

ज्यांनी डॉस वापरलंय त्यांना आठवत असेल, तिथे नाव आठ अक्षरांचं आणि टिंबापुढे तीन. ही तीन अक्षरं डेककडून आली. गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवली तेव्हा डेकच्या यंत्रांवरच्या सवयी त्यांच्या हातात होत्या. 'डीआयआर' आणि 'टाइप' तिथून सीपी/एममध्ये आल्या, मग डॉसमध्ये, आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत आजही बसल्या आहेत. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांचे हात शाळकरी वयात पीडीपी-१०वरच वळले, आणि १९७५मध्ये अल्टेअर या चिमुकल्या संगणकासाठी त्यांनी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती लिहिली तीही हार्वर्डच्या पीडीपी-१०वर. पोरांना हे सांगितलं की 'जुनं' हा शब्द थोडा मागे सरतो.

मजकुराला मात्र दुसरा हिशेब. त्यात छोटी लिपीही लागते, म्हणून एका अक्षराला सात बिट. ३६ बिटांत पाच अक्षरं बसतात आणि एक बिट उरतो. १९७६मध्ये विल क्राउदर यांनी पीडीपी-१०वर 'ॲडव्हेंचर' हा गुहेतल्या शोधाचा खेळ लिहिला, पुढच्या वर्षी डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्यात आपण शब्द टंकायचे आणि खेळाने उत्तर द्यायचं. खेळ प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरं बघायचा, ते याच कारणाने.

पडदे येण्याआधी टर्मिनल म्हणजे टेलिटाइप असायचं, कागदावर छापणारं टंकयंत्र. एएसआर-३३ हे त्यातलं सर्वांत परिचित, सेकंदाला १० अक्षरं छापणारं. कागदावर छापलेलं अक्षर पुसणार कसं? टॉप्स-१०मध्ये चुकलेलं अक्षर खोडायला 'रबआउट' कळ दाबली, की आधी एक उलटी तिरकी रेघ छापली जायची, मग खोडलेलं अक्षर पुन्हा छापलं जायचं, जितक्यांदा कळ दाबाल तितकी अक्षरं उलट क्रमाने, आणि नवं अक्षर टंकलं की बंद करणारी रेघ. कागदावर दिसायचं खिचडीसारखं, पण यंत्राच्या मनात ओळ स्वच्छ असायची. अख्खी ओळच नको असेल तर कंट्रोल-यू. प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी, आणि तो ऐकतच नसेल तर दोनदा. थांबवलेला प्रोग्रॅम 'कंटिन्यू' म्हटलं की जिथे होता तिथून पुढे चालतो.

प्रत्येक फाइलला तीन आकड्यांचं कुलूप असतं. पहिला आकडा मालकासाठी, दुसरा त्याच प्रकल्पातल्या सोबत्यांसाठी, तिसरा बाकी सगळ्यांसाठी. कोणाला वाचता येईल, कोणाला बदलता येईल, हे त्यावरून ठरतं. सगळ्या कुलपांच्या वर असलेला क्रमांक म्हणजे एक-स्वल्पविराम-दोन, ऑपरेटरचा. तो माझ्याकडेच असतो. पोरांना यावर वाद घालायला मी मुद्दाम उत्तेजन देते, कारण एका माणसाच्या हाती सगळं असावं का, हा संगणकातला प्रश्न आहे तसा ग्रामपंचायतीतलाही आहे.

गणिताची आवड असलेल्यांसाठी मी एक कोडं राखून ठेवते. या सिस्टिमने तारीख साठवायला १२ बिट दिले होते. सुरुवात १ जानेवारी १९६४पासून, आणि हिशेब सोपा जावा म्हणून प्रत्येक महिना ३१ दिवसांचा धरलेला. १२ बिटांत सर्वांत मोठा आकडा ४,०९५. त्याला ३१ने भागा. १३२ महिने आणि वर ३ दिवस. १३२ महिने म्हणजे ११ वर्षं, म्हणजे १९७५चा जानेवारी उजाडला, आणि त्याची चौथी तारीख ही शेवटची. ५ जानेवारी १९७५ ही तारीख या यंत्राला लिहिताच आली नसती. अभियंत्यांनी आधीच शोधाशोध करून आणखी तीन बिट मिळवले आणि आकडा १५ बिटांचा केला. सन २०००च्या तारखांचा जगभर गाजलेला गोंधळ या लोकांनी पंचवीस वर्षं आधी आपापल्या यंत्रांवर निस्तरला होता. १५ बिटांत शेवटची तारीख कुठली, हे पोरांनी काढायचं. ३२,७६७ भागिले ३१ बरोबर १,०५७ महिने, बाकी शून्य. १ फेब्रुवारी २०५२. फळ्यावर ही तारीख निघाली, की मुलं आपलं तेव्हाचं वय मोजायला लागतात.

डेकने १९८३मध्ये ३६ बिटांच्या नव्या यंत्राचं काम सोडून दिलं आणि हे घराणं तिथे थांबलं. १९९८मध्ये कंपनीच कॉम्पॅकने विकत घेतली. टीआयएफआरमधलं सॉफ्टवेअर विकासाचं ते केंद्र मात्र वाढलं. १९८५मध्ये ते एनसीएसटी या नावाने स्वतंत्र संस्था झालं, एस. रमणी त्याचे संचालक झाले, जुहूत त्याचं काम चालू लागलं. देशातल्या शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पात या संस्थेचा मोठा वाटा होता, आणि भारताचा ई-मेल बाहेरच्या जगाशी पहिल्यांदा जोडला गेला तोही इथूनच. आज ती सी-डॅकचा भाग आहे.

तासाच्या शेवटी प्रत्येकाने 'केजॉब' ही आज्ञा देऊन बाहेर पडायचं असतं. मग सिस्टिम निरोपाचा हिशेब देते. कोण, कुठल्या टर्मिनलवरून, किती वाजता बाहेर पडलं, यंत्राचा किती वेळ वापरला, डिस्कवर किती जागा अडवून ठेवली. मी तो हिशेब वहीत लिहून घ्यायला सांगते. मूळ संख्या शोधणारा एकच प्रोग्रॅम सगळ्यांनी लिहिलेला असतो, पण वेळेचे आकडे फार वेगवेगळे निघतात. गेल्या खेपेला समुद्रपूरच्या एका मुलीचा आकडा सगळ्यांत मोठा होता. तिने घरी वही घेऊन विचार केला, दोनने भाग जाणाऱ्या संख्या आधीच गाळल्या, भागाकार वर्गमुळापर्यंतच थांबवला, आणि पुढच्या तासाला तिचा आकडा वर्गात सर्वांत लहान आला. मग बाकीचे तिच्याभोवती जमले. तिने फळ्यावर ओळी लिहून दाखवल्या, आणि घंटा झाली तरी कोणी केजॉब देईना.